थायलंडला जमलं, आपलं कुठं अडलं?

प्रश्न: भाऊ, आईच्या शुगर-बीपीच्या गोळ्यांतच तुरीचे पैसे चाललेत, आयुष्मान कार्ड दाखवलं तर म्हणतात अॅडमिट असाल तरच. बाहेरच्या देशात कसं करतात? – एक वाचक, परभणी

उत्तर: थायलंडचं बघा. २००२ पासून देशभर टॅक्सच्या पैशातून उपचार, सुरुवातीला एका खेपेला फक्त ३० बाट (तिथलं चलन), अन् खरी गंमत पुढंच, ओपीडीसाठी दवाखान्याला बिलावर नाही तर नोंदवलेल्या माणसामागं ठरलेला पैसा मिळतो, मग उगं टेस्टा लावून फायदा काय? गोळ्या त्यातच. आपलं आयुष्मान कार्ड ५ लाखांचं, पण मुख्यतः अॅडमिट झाल्यावरचं, म्हणजे किडनी जाईपर्यंत थांबा असंच झालं की! तोवर सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून गोळ्या मिळतात का बघा.