धक्क्याला बोट बांधताना

प्रश्न : समुद्रालगतच्या सार्वजनिक उद्यानातील धक्क्याला मी माझी लहान मोटारबोट दोर घट्ट ताणून बांधली होती. तीन तासांनी परतलो, तेव्हा ती एका अंगाला कलून दोरावर लोंबकळत होती. माझे काय चुकले? शिवाय तेथे बोट अगदी हळू चालवण्याची सक्ती का असते?

उत्तर : तुमची गाठ पक्की होती, दोर तेवढा आखूड पडला. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते. त्यामुळे तुमच्या तीन तासांत पाणी बरेच उतरले, पक्का धक्का मात्र जागीच राहिला. अशा ठिकाणी पुढचा व मागचा दोर लांबच्या खुंट्यांना तिरके नेऊन थोडी ढील ठेवावी. तरंगता धक्का पाण्याबरोबर खाली-वर होत असल्याने तेथे ही काळजी राहत नाही. बोट किती वेळ बांधता येते, हे फलकावर आधीच पाहावे.

वेगाचे म्हणाल, तर बोटीमागे उठणाऱ्या लाटा काठ खचवतात, बांधलेल्या बोटी धक्क्यावर आपटवतात आणि वल्ह्याच्या होडीतल्या माणसाचा तोल घालवतात. चालकाने मागे वळून स्वतःची लाट पाहिली, तर वाद निम्मे मिटतील, असे मला वाटते. सागरी वाहतुकीच्या 1972च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन यांत्रिक बोटींचे मार्ग छेदत असतील आणि टक्कर होण्याचा धोका असेल, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट दिसते, तिने वाट द्यावी.