पहिल्या प्रेमावरची, वयात येतानाची मराठी कादंबरी सुचवा; रोज लोकलमध्ये वाचायची आहे.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ घ्या. २००४ ची, मौज प्रकाशनाची. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी आणि त्याच्या वर्गातली शिरोडकर. तिने आज बघितलं की नाही, यावर पोराचा अख्खा दिवस ठरतो, आणि ते इतकं नेमकं उतरलंय की डोंबिवली-दादर करताना मी दोनदा वाचली; एकदा तर मान वर केली तेव्हा भायखळा आलेलं. फक्त सगळं मुकुंदच्याच नजरेतून आहे, शिरोडकरच्या मनातलं आपण अंदाजानेच घ्यायचं. पोरांची भाषाही पोरांचीच, शिव्यांसकट. आणि हो, २०१२ चा सिनेमा नंतर बघा, नाहीतर चेहरे आधीच ठरून जातात.