क्रोकसला मराठीत ‘केशर’ म्हणावे का?

एका वाचकांनी विचारले आहे की, एका बागप्रेमी गृहस्थांच्या रोजनिशीचा अनुवाद करताना फेब्रुवारीच्या नोंदींत ‘क्रोकस’ हे फूल वारंवार येते आणि हाताशी असलेल्या इंग्रजी-मराठी कोशात त्यापुढे ‘केशर’ एवढाच अर्थ दिलेला आहे. त्याप्रमाणे त्यांनी ‘बर्फ वितळू लागले आणि हिरवळीत पिवळे, जांभळे, पांढरे केशर उमलले’ असे वाक्य लिहिले. त्यावर ‘पांढरे केशर कोणी पाहिले आहे काय?’ असा संपादकांचा शेरा मिळाला. तेव्हा येथे ‘केशर’ ठेवावे, ‘कुंकुमपुष्प’ असा नवा शब्द घडवावा की ‘क्रोकस’च लिहावे, शिवाय त्याचे लिंग कोणते आणि त्याच्या ‘बल्ब’ला काय म्हणावे, असे त्यांचे प्रश्न आहेत.

शेरा रास्त आहे. येथे ‘क्रोकस’च लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीत ‘केशर’ म्हटले की डोळ्यांसमोर फूल येत नाही, वाळलेल्या लाल-नारिंगी काड्या येतात. रोप किंवा फूल अभिप्रेत असेल तर आपण ‘केशराचे रोप’, ‘केशराचे फूल’ असे षष्ठी लावून बोलतो. गुलाबाच्या बाबतीत मात्र नुसते ‘गुलाब फुलला’ पुरते. म्हणून ‘केशर उमलले’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असले तरी मराठी कानाला खटकते, कारण काड्या उमलत नाहीत. मुळात संस्कृत ‘केसर’ म्हणजे केस, आयाळ, फुलातील तंतू. आयाळ असणारा म्हणून सिंह ‘केसरी’. मराठीने पुढे या शब्दाच्या दोन वाटा केल्या. ‘स’कार ठेवून ‘पुंकेसर’ व ‘स्त्रीकेसर’ वनस्पतिशास्त्रात गेले आणि ‘श’कार घेऊन ‘केशर’ त्या मोलाच्या काड्यांसाठी रूढ झाले. गंमत अशी की या काड्या पुंकेसर, म्हणजे पराग धरणारे तंतू, नव्हेतच. त्या फुलाच्या कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी स्त्रीकेसराची टोके आहेत, एका फुलाला अवघ्या तीन.

शास्त्रीय बाजूनेही कोशातील तो अर्थ अपुरा ठरतो. ‘क्रोकस’ हे आयरिसच्या कुळातील एका प्रजातीचे नाव असून तीत शंभराहून अधिक जाती आहेत. केशर देणारी ‘क्रोकस सटायव्हस’ ही त्यांतील एक. ‘सटायव्हस’ म्हणजे लागवडीचा, आणि हे विशेषण तिला नेमके लागू पडते. कारण ही जात वंध्य आहे, तिला बी धरत नाही आणि माणसाने कंद लावल्यावाचून तिचा वंश पुढे चालत नाही. अनुवादाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती शरद ऋतूत फुलते. रोजनिशीत नोंद फेब्रुवारीची आहे, म्हणजे तेथे केशराचे फूल असण्याचा संभवच नाही. अर्थात, या गल्लतीबद्दल कोशकारांना फार दोष देण्याचे कारण नाही, कारण वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाची घडी बसवणाऱ्या खुद्द लिनियसने 1753 साली या दोन ऋतूंच्या फुलांना एकाच जातीचे दोन प्रकार मानले होते. वसंतात फुलणारा तो ‘व्हर्नस’ स्वतंत्र जात म्हणून नंतर वेगळा काढण्यात आला.

‘कुंकुमपुष्प’ दिसायला देखणा शब्द आहे, पण त्यात तीच अडचण दुप्पट होते. संस्कृतात ‘कुङ्कुम’ म्हणजे केशरच. मराठीत त्याचे ‘कुंकू’ झाले आणि ते नाव हळदीपासून बनणाऱ्या लाल पुडीला चिकटले. केशराचे नाव हळदीकडे जावे, हा प्रवास आपल्याकडेच घडला असेही नाही. अरबीतील ‘कुर्कुम’ हा शब्द हळदीसाठी चालतो, त्याचा सख्खा हिब्रू शब्द ‘कर्कोम’ केशरासाठी वापरला जातो, आणि हळदीचे ‘कुर्कुमा’ हे शास्त्रीय नाव त्या अरबी शब्दावरून आले आहे. ग्रीक ‘क्रोकोस’ याच सेमिटिक शब्दपरिवाराशी जोडला जातो. म्हणजे ‘क्रोकस’ शब्दाच्या मुळाशी केशर आहे, हे खरे. परंतु मूळ अर्थ आणि आजचा अर्थ एकच धरला तर ‘कुंकू’ म्हणजेही केशर म्हणावे लागेल. इतर भाषांनी ही दोन नावे वेगळी ठेवलेली आहेत. जर्मनमध्ये बागेतले फूल ‘क्रोकुस’ आणि काड्या ‘साफ्रान’. तुर्कीत फुलाला ‘चिदेम’ हे अस्सल देशी नाव आहे आणि केशराला ‘साफ्रान’. आपल्याकडे या फुलाची ओळखच उशिरा झाल्यामुळे देशी नाव नाही, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

रोजनिशीत कोणती जात असेल, याचा अंदाज वर्णनावरून बांधता येतो आणि त्याप्रमाणे विशेषणे निवडता येतात. हिवाळा सरता सरता सर्वांत आधी येणाऱ्यांपैकी ‘क्रोकस टोमासिनियानस’ हा बारीक चणीचा, फिकट जांभळा असतो. बाहेरून त्याच्यावर रुपेरी झाक असते, त्यामुळे मिटलेली कळी राखाडी दिसते आणि उघडल्यावरच रंग कळतो. आज इटलीत असलेल्या त्रिएस्त शहराचे महापौर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्युत्सिओ तोमासिनी यांच्या सन्मानार्थ त्याला हे नाव मिळाले. ‘क्रोकस क्रिसँथस’ मुळात पिवळा आहे. नावाचा अर्थच ‘सोनेरी फुलाचा’, आणि शेवंतीच्या ‘क्रिसँथेमम’ या नावातही तेच दोन ग्रीक शब्द आहेत. याच्या बागेसाठी काढलेल्या वाणांत ‘क्रीम ब्यूटी’सारखे साईच्या रंगाचे प्रकारही आहेत. ‘क्रोकस सीबेरी’च्या ‘ट्रायकलर’ या वाणात तळाशी पिवळा, मध्ये पांढरा आणि वर जांभळा असे तीन पट्टे एकाच पाकळीवर असतात. मोठ्या फुलांचे ‘व्हर्नस’चे वाण यांच्यानंतर येतात. वाणांची नावे भाषांतरित करू नयेत. ती एकेरी अवतरणात जशीच्या तशी द्यावीत.

क्रियापदाकडेही लक्ष द्यायला हवे, आणि येथे मराठी आपल्याला हवे ते देते. मी एकदा कुंडीतला एक टोमासिनियानस ढगाळ सकाळी बाहेरून उबेच्या खोलीत आणून ठेवला. मिटलेल्या छत्रीसारखी दिसणारी कळी पाहता पाहता सैल झाली आणि काही मिनिटांतच सहाही पाकळ्या पसरून आतला नारिंगी, तीन फाट्यांचा तंतू दिसू लागला; कुंडी परत थंडीत नेल्यावर ती पुन्हा मिटली. ऊब मिळाली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा अधिक वाढते आणि पाकळी बाहेर कलते. गारव्यात याच्या उलट घडते. ‘उमलणे’ या क्रियापदात कळीचे फूल होण्याची, म्हणजे एकदाच घडणारी क्रिया अभिप्रेत असते. म्हणून पहिल्या दिवशी ‘उमलला’, पुढे रोज ‘उघडला’ आणि ‘मिटला’, आणि सगळी हिरवळ भरून गेली की ‘फुलली’, असा भेद राखल्यास ती रोजनिशी अधिक नेमकी वाचली जाईल. मात्र ‘देठ’ हा शब्द टाळावा. फुलाखाली जो पांढरा दांडा दिसतो तो देठ नसून पाकळ्यांचीच लांब नळी असते. अंडाशय तिच्या तळाशी, मातीखाली असते आणि बी पिकू लागल्यावर त्याचे बोंड वर येते. नुसते ‘जमिनीतूनच फूल वर आले’ असे लिहिले तरी ते काव्य ठरणार नाही, ते वस्तुस्थितीचे वर्णन होईल.

‘बल्ब’साठी ‘कांदा’ नको. कांद्याला पापुद्रे असतात आणि त्या रचनेला ‘शल्ककंद’ म्हणतात. क्रोकसचा कंद कापला तर आत ग्लॅडिओलसप्रमाणे सलग भरीव गर दिसतो, म्हणून शास्त्रीय शब्द ‘घनकंद’. रोजनिशीसारख्या लेखनात मात्र साधा ‘कंद’ पुरेसा आहे. तो ‘पेरला’ असे न लिहिता ‘लावला’ असे लिहावे, कारण पेरणे बियांचे. शरद ऋतूत आठ-दहा सेंटिमीटर खोल, पाणी न साचणाऱ्या मातीत लावलेला कंद फुलून गेला की त्याच्या डोक्यावर नवा कंद धरतो आणि जुना सुकून जातो. त्यामुळे मूळ लेखात ‘त्याच कंदाला दर वर्षी फूल येते’ अशा आशयाचे वाक्य असेल, तर ते ‘त्याच जागी दर वर्षी फूल येते’ असे फिरवण्याची मुभा मी अनुवादकाला देईन. फुले ओसरल्यावर गवतासारखी, मधोमध पांढरी रेघ असलेली पाने आपणहून पिवळी पडेपर्यंत कापत नाहीत, कारण नवा कंद त्यांच्याच जिवावर पोसतो; रोजनिशीत हिरवळ कापणे लांबणीवर टाकल्याची नोंद आली तर ती आळसाची समजू नये.

लिंग पुल्लिंगी ठेवावे: ‘क्रोकस उमलला’, ‘क्रोकस उमलले’. ‘गुलाब’च्या वळणावर ते सहज बसते. विभक्तीत ‘क्रोकसाचा’ असे सामान्यरूप न करता ‘क्रोकसचा’ लिहावे.

रोजनिशी शरद ऋतूपर्यंत चालत असेल तर आणखी एक खड्डा पुढे आहे. इंग्रजीत ‘ऑटम क्रोकस’ म्हणून जे फूल ओळखले जाते, ते बहुधा क्रोकस नसून ‘कोल्चिकम’ असते. युनानी औषधांत याच प्रजातीला ‘सुरंजान’ म्हणतात. दिसायला दोघे सारखे, पण क्रोकसला पुंकेसर तीन आणि कोल्चिकमला सहा. कोल्चिकमची सारी वनस्पती विषारी आहे. तेथे ‘शरदातले केशर’ असे भाषांतर झाले आणि एखाद्या वाचकाने ते शब्दशः घेतले, तर प्रकरण संपादकांच्या शेऱ्यावर भागणार नाही.