क्ष बरोबर ३ ठेवल्यावर

प्रश्न : (क्ष² − ९)/(क्ष² + ५क्ष + ६) ÷ (क्ष² − ३क्ष)/(क्ष + २) या उदाहरणाचे उत्तर पुस्तकात १/क्ष दिले आहे. मुलीने पडताळ्यासाठी क्ष = ३ ठेवले, तेव्हा उत्तराची किंमत १/३ आली, पण मूळ उदाहरणातील दोन्ही अपूर्णांक शून्य झाले. मग चूक कोठे आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : उत्तर बरोबर आहे, पडताळ्यासाठी निवडलेली किंमतच या उदाहरणात चालत नाही. अवयव पाडून आणि भाजकाचा गुणाकार व्यस्त घेऊन मांडणी अशी होते : (क्ष − ३)(क्ष + ३)/[(क्ष + २)(क्ष + ३)] × (क्ष + २)/[क्ष(क्ष − ३)]. सामाईक अवयव खोडल्यावर १/क्ष उरते. क्ष = २ घेतल्यास पहिला अपूर्णांक −१/४, दुसरा −१/२ आणि भागाकार १/२ येतो, म्हणजे पडताळा जुळतो.

अवयव खोडणे म्हणजे अंश व छेद या दोहोंना त्याने भागणे, म्हणून तो शून्य असून चालत नाही. छेद पाहून −२ आणि −३ या किमती बहुतेक विद्यार्थी वगळतात. परंतु भागाकारात भाजकाचा अंशही तपासावा लागतो, कारण अपूर्णांक उलटा केला की तोच छेदात उतरतो. येथे तो अंश क्ष(क्ष − ३) असल्याने ० आणि ३ याही किमती बाद होतात. यांपैकी ० ची खूण अंतिम उत्तराच्या छेदात दिसत राहते, ३ ची मात्र पुसली जाते, आणि मुलगी नेमकी तेथेच अडखळली. तिचा पडताळा वाया गेला असे मी म्हणणार नाही. पुस्तकाने गाळलेली अट त्यामुळेच उघडी पडली. पूर्ण उत्तर १/क्ष, जेथे क्ष ≠ −३, −२, ०, ३, असे लिहावे आणि ही अट खोडाखोडीपूर्वीच नोंदवावी.

क्ष = ३ असताना उरते ते ० ÷ ०. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त याची किंमत शून्य मानली होती, पण तसे धरले तर मूळ उदाहरण ० सांगेल आणि सरळरूप १/३. म्हणून आज या भागाकाराला किंमतच दिली जात नाही.

प्रश्न : त्याच उदाहरणातील पहिल्या अपूर्णांकात वरचा आणि खालचा क्ष² थेट खोडला तर चालेल का?

उत्तर : नाही. तेथे क्ष² हे बेरजेतील पद आहे, संपूर्ण अंशाचा अवयव नाही. तसे खोडल्यास −९/(५क्ष + ६) उरते आणि क्ष = २ साठी त्याची किंमत −९/१६ येते, तर खरी किंमत −१/४ आहे.