जुन्या विलीज पिकअपला मूळचे नट-बोल्ट कसे शोधायचे? की सगळे स्टेनलेस टाकून मोकळं व्हायचं?

तुमची गाडी महिंद्राची, विलीज या अमेरिकन जीपच्या घराण्यातली, म्हणजे मूळचे बोल्ट इंचाच्या मापातले, आणि मिस्त्री म्हणतोय, "जुने द्या भंगारात, सगळीकडे एम८ आणि एम१० स्टेनलेस मारू." (एम८, एम१० म्हणजे ८ आणि १० मिमी जाडीचे मेट्रिक बोल्ट.) हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसलो.

भंगारात काहीही देऊ नका. गंजून लाल झालेला बोल्ट हाच तुमचा कॅटलॉग. पुठ्ठ्यावर गाडीची रेघोट्यांनी आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा, वायसरसकट.

आता एम८चं खूळ. मिस्त्रीला बोल्ट एम८ वाटतो, कारण त्याचा १३चा पाना डोक्यावर बसतो. बसणारच. ५/१६ इंची बोल्टचं डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिमी, पाना किंचित खुळखुळतो आणि कडा गोल करतो, एवढंच. दांडाही ७.९४ मिमी, एम८ला चुलतभाऊ शोभेल असा. पण आटे वेगळे. यूएनएफला, म्हणजे अमेरिकन बारीक आट्याला, इंचाला २४, म्हणजे पिच (दोन आट्यांतलं अंतर) साधारण १.०६ मिमी, एम८चा पिच १.२५. नवा एम८ एखादा फेरा जातो आणि अडतो. मग मिस्त्री एम८चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवतो. भोक आधीच जवळपास त्याच मापाचं, त्यामुळे टॅप जुने आटे तिरके कापत जातो आणि नवे धड पडत नाहीत. बोल्ट बसतो, थोडा घट्टही होतो, पण पूर्ण जोर लावला की हातात आट्यांचा भुगा येतो. असं भोक आधीच कोणी मारून ठेवलं असेल, तर ५/१६-२४चं हेलिकॉइल (भोकात बसवायची नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) टाका, किटसोबतच्याच ड्रिलने. वेल्डिंग भरून पुन्हा भोक पाडणं हा बीडावर तर शुद्ध अत्याचार आहे.

मोजायचं कसं? कोरा, म्हणजे आटे नसलेला दांडा असेल तर जाडी तिथे घ्या, गंजलेल्या आट्यांवर नको. पिच गेज लावा तो नटाखाली दडलेल्या भागात, तिथले आटे शाबूत असतात. गेज नसेल तर पट्टी धरून अर्ध्या इंचातली शिखरं मोजा. १२ आली की २४चा आटा. लांबी डोक्याखालून टोकापर्यंत. आणि कोऱ्या दांड्याची लांबी वेगळी लिहा. स्प्रिंगच्या हँगरमध्ये आटे आले की तिथूनच बोल्ट तुटतो, आणि पूर्ण आट्याचा बोल्ट टाकणारे हेच विसरतात.

दुकानात नुसतं "तीन सुती, बारीक आटा" म्हणू नका. सुतावरून जाडी कळते, तीन सूत म्हणजे ३/८ इंच. आटा कळत नाही. तीन सुतीला यूएनएफमध्ये २४ आटे, बीएसएफ या ब्रिटिश बारीक आट्यात २०, आणि दोन्ही दुकानदाराच्या लेखी बारीकच. जाड आट्यात तर आणखी फसगत. पाव इंचाला यूएनसी (अमेरिकन जाड आटा) आणि व्हिटवर्थ (ब्रिटिश जाड आटा) दोन्हींना २० आटे, पण एकाचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५. हाताने छान फिरतात, पण आटे पूर्ण टेकत नाहीत. त्यामुळे "यूएनएफ" किंवा "यूएनसी" हा शब्द उच्चारा आणि नमुना सोबत न्या. मुंबईत नागदेवी, पुण्यात बोहरी आळी. एका दुकानात सगळं मिळणार नाही.

बोल्ट किती मजबूत, हे कळायला डोक्यावरच्या रेघा बघा. ग्रेड जितका मोठा तितका बोल्ट मजबूत. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८, कोरं डोकं म्हणजे साधं पोलाद. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा आकडा असतो, त्यातला ८.८ ढोबळमानाने ग्रेड ५च्या जोडीचा.

म्हणूनच स्टेनलेसला माझा विरोध. बाजारातला ए२-७० जातीचा स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कल ताणाला कायमचा ताणला जातो; ८.८ बोल्ट ६४०पर्यंत तग धरतो. स्टीअरिंग, स्प्रिंग, ब्रेक, बेलहाउसिंग (इंजिन-गिअरबॉक्समधलं क्लचचं कवच) इथे स्टेनलेस नकोच. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला की आटे एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना बोल्टच पिळून तुटतो. नंबरप्लेट आणि दिव्यांच्या पट्ट्यांना खुशाल वापरा, अँटी-सीझ, म्हणजे आटे चिकटू न देणारं वंगण लावून.

ॲक्सलचे यू बोल्ट जुने परत वापरू नका. नवे आवळा ते गाडी चाकांवर उभी असताना, आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा.

चाकं काढण्याआधी स्टडच्या टोकाकडे बघा. या गाड्यांना डाव्या बाजूचे स्टड अर्धा इंच, २० आट्यांचे, पण डाव्या आट्याचे असतात. टोकावर 'एल' कोरलेला असतो, गंजाखाली तो दिसत नाही, वायर ब्रश मारा. असे नट घड्याळाच्या दिशेने सुटतात. हवेची गन उलट्या दिशेने लावून एका झटक्यात स्टड तोडणारे हुशार कमी नाहीत. ते स्टड उजव्या आट्याचे करून घेऊ नका.

एक राहिलं. हे सगळं अमेरिकन वंशाच्या भागांना लागू. जुन्या ब्रिटिश गाडीला बीएसएफ आणि व्हिटवर्थच लागेल. आणि तुमच्या पिकअपचं पेट्रोल इंजिन काढून कोणी प्यूजोचं डिझेल बसवलं असेल, तर त्या इंजिनाचे आटे मेट्रिक. तिथला एम८ खरोखरच एम८, तेवढ्यापुरता तुमचा मिस्त्री बरोबर. पण ते इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणाऱ्या मधल्या ॲडॅप्टर प्लेटला लेथवाल्याने कुठले आटे पाडलेत ते आधी गेज लावून बघा, एकेक भोक.