इंग्रजीतल्या 'ड्रिप' या शब्दाचे अर्थ कोणते आणि तो कुठे वापरतात?

'ड्रिप' म्हणजे थेंबथेंब गळणे, ठिबकणे; बाकीचे बहुतेक अर्थ त्यातूनच निघाले आहेत. धार लागली की ड्रिप म्हणत नाहीत, एकेक थेंब सुटा पडायला हवा. म्हणून नळ ठिबकतो ते ड्रिप, ठिबक सिंचन ते ड्रिप इरिगेशन, फिल्टरमधून हळूहळू उतरते ती ड्रिप कॉफी. दवाखान्यात शिरेतून देतात तीही ड्रिपच, कारण नळीच्या वरच्या छोट्या कुपीत पडणारे थेंब मोजून तिचा वेग ठरवतात. साध्या सेटमध्ये (म्हणजे नळी आणि कुपीच्या जोडणीत) साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो, लहान मुलांसाठीच्या मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा. आपण सरसकट 'सलाईन लावली' म्हणतो, पण ते आतल्या मिठाच्या पाण्याचं नाव. ग्लुकोज चढवलं तरी ड्रिपच. (अमेरिकेत मात्र 'आयव्ही', म्हणजे इंट्राव्हेनस, शिरेतून दिलेलं, हे जास्त ऐकू येतं.)

माणसाबद्दल वापरताना जपून. जुन्या बोलीत 'ही इज अ ड्रिप' म्हणजे मिळमिळीत, नेभळट माणूस; हिपहॉपमधून पसरलेल्या आजच्या बोलीत 'ड्रिप' म्हणजे झकास कपडे-दागिने. तेव्हा फोटोखाली कुणी 'नाइस ड्रिप' लिहिलं तर रागावू नका.