जुन्या स्टोरेज बॉक्सचं जीयूआय उघडत नाही, कमांड लाइनवरून लॉग आणि कॉन्फिगरेशन कसं काढायचं?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यातल्या एका सहकारी बँकेत सिस्टमचं सगळं तुम्हीच बघता, स्टोरेजचा एक कंट्रोलर (बॉक्स चालवणारं कार्ड, असे दोन असतात) अधूनमधून ऑफलाइन जातो, सपोर्टवाले लॉग बंडल आणि कॉन्फिगरेशन मागताहेत, आणि जीयूआय, म्हणजे बॉक्स सांभाळायचं बटणांचं पान, कुठल्याच ब्राउझरमध्ये उघडत नाही. भाऊ, सगळ्यात आधी एकच सांगतो, बॉक्स रीबूट करू नका. आपल्याकडे काहीही अडलं की कोणीतरी येऊन सांगतंच, "बंद करीसन चालू करा", आणि बॉक्स चालू होतोही, पण कंट्रोलर का पडला याचा पुरावा त्यात जातो. काही माहिती फक्त मेमरीत असते, ती रीसेटला गेली की गेली, आणि जे लॉग डिस्कवर असतात ते ठरावीक साइजचे असतात, नवीन ओळी आल्या की जुन्या पुसल्या जातात. म्हणून आधी लॉग काढायचे, मग काय ते.

मी जळगाव-भुसावळ पट्ट्यात सर्व्हर आणि स्टोरेजचंच काम करतो, एमआयडीसीतल्या कंपन्या, जिनिंग, पतसंस्था असे कस्टमर. जीयूआय न उघडण्यात तुमचं काही चुकलेलं नाही. त्या काळातल्या कितीतरी बॉक्सचं जीयूआय फ्लॅश नाहीतर जावावर चालायचं, अडोबीनं 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश बंद केलं आणि 12 जानेवारी 2021 पासून तर प्लेअर काही चालवूच देत नाही. पण कमांड लाइनला त्याचं काही देणंघेणं नाही, आणि खरं सांगू, जीयूआय चालत असतं तरी मी तुम्हाला कमांड लाइनच सांगितली असती, कारण हेच काम पुढे रोज आपोआप लावता येतं.

तुम्ही प्रश्नात दोन गोष्टी एकत्र केल्यात, त्या आधी वेगळ्या करा. डायग्नोस्टिक बंडल हे सपोर्टच्या इंजिनिअरसाठी असतं, त्यात इव्हेंट लॉग, ट्रेस, कंट्रोलर पडला तेव्हाचा डंप असतो, आपल्याला त्यातलं बरंचसं वाचताही येत नाही आणि ते घटना घडली की लगेच काढायचं असतं. कॉन्फिगरेशन मात्र तुमच्यासाठी असतं, कोणता व्हॉल्यूम कोणत्या पूलमध्ये (डिस्कच्या गटात), कोणत्या होस्टला, म्हणजे सर्व्हरला, कोणत्या लन नंबरने (सर्व्हरला दिसणाऱ्या व्हॉल्यूमचा नंबर) मॅप आहे, पोर्टचे आयपी काय, आणि ते घटना घडायच्या आधी काढून बॉक्सच्या बाहेर ठेवायचं असतं. सपोर्टनं मागितल्यावर पहिल्यांदा कॉन्फिगरेशन काढणारे लोक मी फार बघितलेत, आणि तेव्हा बॉक्स लॉगिनच देत नसतो. अजून एक, कॉन्फिगरेशनचा बॅकअप म्हणजे डेटाचा बॅकअप नाही. सातबारा हातात असला म्हणून जळालेला कापूस परत येत नाही, तसंच आहे हे. तुमच्या मॅनेजर साहेबांना हे नक्की सांगून ठेवा, कारण "बॅकअप आहे" एवढंच त्यांच्या लक्षात राहतं.

बॉक्स कोणत्या कंपनीचा ते तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे जे आपल्या भागात जास्त दिसतात त्यांचं सांगतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना इंग्रजीत करा.

आयबीएमचा स्टोरवाइज किंवा फ्लॅशसिस्टम असेल तर पुटीनं (एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षितपणे, दुसऱ्या मशीनची कमांड लाइन उघडायचा विंडोजचा प्रोग्राम) क्लस्टरच्या आयपीवर सुपरयूजर म्हणून लॉगिन करा. डायग्नोस्टिकची कमांड एसव्हीसी अंडरस्कोर स्नॅप. नुसती दिली तर साधे लॉग मिळतात, पण तुमचा कंट्रोलर पडतोय म्हणजे साध्या लॉगवर सपोर्टवाले समाधानी होणार नाहीत, ते स्टेटसेव्ह मागतील, म्हणजे नोड (आयबीएम कंट्रोलरला नोड म्हणतं) पडला त्या क्षणाचा डंप. त्यासाठी त्याच कमांडपुढे स्पेस देऊन जीयूआय3 लिहायचं, मग प्रत्येक नोडचा सगळ्यात ताजा स्टेटसेव्ह पण बंडलमध्ये येतो. नोड पडत नाही पण स्लो चालतोय, होस्टला उत्तर उशिरा मिळतंय असं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी एसव्हीसी अंडरस्कोर लाइव्हडंप, मायनस नोड्स ऑल, मायनस यस असं देऊन चालू नोडचा नवीन डंप घ्यायचा आणि मग वरचा स्नॅप. हे सगळं त्रास चालू असतानाच करायचं, सगळं शांत झाल्यावर घेतलेल्या लाइव्हडंपमध्ये शांतताच दिसते. फाइल डंप्स नावाच्या फोल्डरमध्ये बनते, शेवटी टीजीझेड असतं, एलएसडंप्स कमांड दिली की यादीत दिसेल, तिथून पीएससीपीनं (पुटीसोबत येणारा फाइल कॉपी करायचा प्रोग्राम) ओढून घ्या.

कॉन्फिगरेशनसाठी त्याच बॉक्सवर एसव्हीसीकॉन्फिग बॅकअप. याच्या तीन फाइल होतात, एक्सएमएल, एसएच आणि लॉग, तिघींचं नाव एसव्हीसी डॉट कॉन्फिग डॉट बॅकअप असंच सुरू होतं. पीएससीपीला शेवटी स्टार लावून तिन्ही एकदम ओढायच्या असतील तर मायनस अनसेफ ऑप्शन द्यावा लागतो, नाहीतर तो वाइल्डकार्डवर अडून बसतो. बॉक्स स्वतःपण रोज रात्री 1 वाजता एक बॅकअप घेतो, नावात क्रॉन असतं, पण तो बॉक्सच्याच आत पडून राहतो, म्हणजे बॉक्स गेला तर तोही गेला. आणि एक्सएमएल वाचायचा कंटाळा येतो म्हणून मी सोबत एलएसव्हीडिस्क, एलएसहोस्ट आणि एलएसहोस्टव्हीडिस्कमॅप या तीन कमांडचं आउटपुट घेतो, प्रत्येकीला मायनस डिलिम आणि पुढे स्वल्पविराम द्यायचा, सरळ सीएसव्ही मिळते आणि एक्सेलमध्ये उघडते. ऐन गडबडीत फोनवर कोणी विचारलं की कोअर बँकिंगचा लन कोणता, तर ती एक्सेलच कामाला येते.

नेटअॅपचा ऑनटॅप असेल तर सिस्टम नोड ऑटोसपोर्ट इन्व्होक, मायनस नोड स्टार, मायनस टाइप ऑल, आणि मेसेजमध्ये केस नंबर. हे बंडल बॉक्स स्वतः कंपनीकडे पाठवतो, पण बँकेत बॉक्सला इंटरनेट नसतं बहुतेक, म्हणून सिस्टम नोड ऑटोसपोर्ट हिस्टरी शो बघायचंच, नाहीतर तुम्हाला वाटतं गेलं आणि ते तिथेच अडकलेलं असतं. कॉन्फिगरेशनचा बॅकअप ऑनटॅप स्वतःच दर 8 तासांनी, रोज आणि आठवड्याला घेतो, सेव्हनझेड फाइल असते, ती बाहेर पाठवायला आधी सेट मायनस प्रिव्हिलेज अॅडव्हान्स्ड आणि मग सिस्टम कॉन्फिगरेशन बॅकअप अपलोड.

नेटअॅपचीच ई-सिरीज असेल तर तिची गोष्ट वेगळी आहे, तिथे तुमच्या पीसीवरून एसएमसीएलआय नावाचा प्रोग्राम चालवायचा, दोन्ही कंट्रोलरचे आयपी द्यायचे, मायनस सी आणि पुढे अवतरणात कमांड, सेव्ह स्टोरेजअॅरे सपोर्टडेटा फाइल बरोबर अमुक. कॉन्फिगरेशनला सपोर्टडेटाच्या जागी कॉन्फिगरेशन आणि फाइलच्या नावानंतर ऑलकॉन्फिग. कमांडच्या शेवटी अर्धविराम पाहिजे, आणि फाइलच्या नावाभोवतीचं अवतरण विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये उलट्या स्लॅशनं वाचवावं लागतं, निम्मे लोक इथेच अडकतात. यातून निघणारी कॉन्फिगरेशनची फाइल म्हणजे कमांडचीच यादी असते, रिकाम्या बॉक्सवर तसाच सेटअप पुन्हा उभा करण्यासाठी. बघू काय होतं म्हणून चालू बॉक्सवर ती चालवू नका, कृपा करून.

एचपीचा एमएसए किंवा डेलचा एमई4 सोपा आहे. एसएफटीपीनं पोर्ट 1022 वर जायचं, गेट लॉग्स आणि पुढे झिप फाइलचं नाव, झालं. जुन्या एमएसएवर एसएफटीपीऐवजी साधं एफटीपी असतं. कॉन्फिगरेशनला एसएसएचमध्ये शो कॉन्फिगरेशन, पण त्याच्या आधी सेट सीएलआय-पॅरामीटर्स पेजर ऑफ करा, नाहीतर प्रत्येक पानाला एंटर मारत बसाल. हे आउटपुट लांबलचक असतं, पुटीच्या खिडकीतून कॉपी करू नका, वरचा भाग निघून जातो, सेशन लॉगिंग चालू करून फाइलमध्येच घ्या.

आता अडचण कुठे येते ते सांगतो, कारण कमांड तर मॅन्युअलमध्ये पण आहेत. नवीन लॅपटॉपवरून जुन्या बॉक्सला एसएसएच केलं की होस्ट कीचा (बॉक्सची ओळख पटवणाऱ्या कीचा) प्रकार जुळत नाही असा एरर येतो. ओपनएसएसएच 8.8 पासून, म्हणजे 2021 पासून, जुनी एसएसएच-आरएसए सही बाय डिफॉल्ट बंद आहे, ती फक्त त्या एका कमांडपुरती चालू करा, मायनस ओ होस्टकीअल्गोरिदम्स बरोबर अधिकचं चिन्ह आणि एसएसएच-आरएसए. सगळ्या मशीनसाठी कायमचं चालू ठेवू नका, बँक आहे ती. तसंच 2022 च्या 9.0 पासून एससीपी आतून एसएफटीपी वापरतो आणि जुन्या बॉक्सला ते येत नाही, तेव्हा मायनस कॅपिटल ओ दिला की जुन्या पद्धतीनं कॉपी होते. लोक इथे बॉक्सच खराब आहे असं समजून तासन्‌तास घालवतात.

दुसरी अडचण वेळेची. कितीतरी बॉक्स यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, लावलेले असतात. तुमच्याकडे दुपारी 2:15 ला कंट्रोलर पडला तर लॉगमध्ये ते 8:45 दिसतं, तुम्ही सपोर्टला 2:15 लिहिलं की ते भलत्याच ठिकाणी शोधतात आणि "काही सापडलं नाही" म्हणून केस बंद करायला बघतात. केसमध्ये वेळ लिहिताना आयएसटी असं स्पष्ट लिहा आणि बॉक्सचं घड्याळ आत्ता किती दाखवतंय तेही लिहा. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवणं) लावलेलं नसेल तर लावूनच टाका, सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, 28 एप्रिल 2022 च्या निर्देशात घड्याळं जुळवायला आणि सिस्टमचे लॉग 180 दिवस जपायला सांगितलंय, त्यामुळे साहेबांना पटवायला तोही आधार आहे.

तिसरी गोष्ट खास आपल्या भागातली, उन्हाळा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, धुळंही काही थंड नाही, आणि सर्व्हर रूमचा एसी लाइट गेल्यावर यूपीएसवर नसतो हे मी ठिकठिकाणी बघतो. बॉक्स यूपीएसवर धडधडीत चालू आणि एसी बंद, अर्ध्या तासात खोली तापते. कंट्रोलर "अधूनमधून" ऑफलाइन जातो म्हणताय तर ती अधूनमधूनची वेळ दुपारची आहे का, लोडशेडिंगची आहे का, हे बघा. आयबीएमवर एलएसएन्क्लोजरस्टॅट्स कमांड तापमान आणि वॅट दोन्ही देते, ऑनटॅपवर सिस्टम एन्व्हायर्नमेंट सेन्सर्स शो. पण आयबीएमचा तो आकडा आत्ताचा असतो, पीक दाखवतो तोही शेवटच्या 5 मिनिटांतला, म्हणून कालच्या दुपारी काय होतं ते हवं असेल तर तुम्हालाच दर काही मिनिटांनी ती कमांड चालवून फाइलमध्ये साठवावं लागेल. विंडोजवर प्लिंकची (पुटीचाच भाऊ, खिडकी न उघडता कमांड चालवतो) एक बॅच फाइल करा, पासवर्ड फाइलमध्ये न लिहिता की फाइलनं लॉगिन लावा, त्यासाठी फक्त बघायचेच अधिकार असलेला वेगळा यूजर बनवा, आणि टास्क शेड्युलरमध्ये टाकून द्या. कॉन्फिगरेशनच्या सीएसव्हीपण त्याच बॅचमध्ये रोज रात्री काढा, नावात तारीख, आणि दुसऱ्या ब्रँचच्या मशीनवर एक कॉपी.

बंडल पाठवण्याआधी तुमच्या साहेबांची लेखी परवानगी घ्या. त्यात साधारणपणे खातेदारांचा डेटा नसतो, पण आयपी, सर्व्हरची नावं, यूजरची नावं असतात, त्यामुळे ते कंपनीच्या केसमधल्या अपलोड लिंकवरच टाकायचं, व्हॉट्सअॅपवर इंजिनिअरला पाठवायचं नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी. आणि पाठवण्याआधी फाइल तुमच्या पीसीवर एकदा उघडून बघा, साइज शून्य नाही ना, दोन्ही कंट्रोलरची नावं आत आहेत ना. एकाच कंट्रोलरचे लॉग गेले की सपोर्टवाले दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतात आणि तोपर्यंत पडलेल्या कंट्रोलरचे लॉग फिरून गेलेले असतात. मॉडेल आणि फर्मवेअरचं व्हर्जन इथे लिहा, तुमच्या बॉक्सची नेमकी कमांड सांगतो.